पंक्चर घरी काढायचं की काकांकडे न्यायचं? सायकलच्या देखभालीचा खरा हिशोब

(या भागाचं हे लिखित रूप. बोलताना झालेले 'अं', 'म्हणजे' आणि मागून आलेला लोकलचा हॉर्न काढून टाकलाय. बाकी जवळपास तसंच आहे. गर्दीत इअरफोन लावता येत नाहीत म्हणून वाचणाऱ्यांसाठी खास.)

आजचा विषय सायकल. घाबरू नका, 'सायकल चालवा, पर्यावरण वाचवा' असं भाषण देणार नाहीये. आज प्रश्न साधा आहे. सायकलची कामं स्वतः शिकून करायची, की सरळ दुकानात टाकायची?

हा विषय डोक्यात कसा आला ते आधी सांगतो.

मी नाहूरला राहतो. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी, भांडुप आणि मुलुंडच्या मधलं स्टेशन. २००६ साली सुरू झालं, म्हणजे मध्य रेल्वेच्या हिशोबाने अगदी बाळ. फास्ट लोकल आमच्याकडे बघतसुद्धा नाही. स्टेशनजवळून गोरेगाव-मुलुंड लिंक रोडचा पूल रेल्वेवरून जातो. एका बाजूला एलबीएस मार्ग, दुसऱ्या बाजूला ईस्टर्न एक्सप्रेस हायवे. रविवारी पहाटे हायवेला सायकल मारायची आणि परत येताना हा पूल चढून एलबीएसकडे उतरायचं, हा माझा ठरलेला रूट.

तर एका रविवारी पूल चढलो, घाम पुसला आणि उतारावर सायकल सोडून दिली. खाली एक रिक्षा वळण घेत होती. मी पुढचा ब्रेक दाबला आणि लिव्हर थेट हँडलला चिकटला. काहीच नाही! पुढचा ब्रेक शून्य. नशीब मागचा ब्रेक लागला, चाक घासत घासत रिक्षाच्या दोन हात अलीकडे थांबलो. रिक्षावाले दादा जे बोलले ते इथे लिहिता येणार नाही. त्यांचं बरोबरच होतं.

बाजूला घेऊन बघितलं. आदल्या संध्याकाळी एका दुकानात पुढच्या चाकाचं पंक्चर काढून घेतलं होतं. चाक बाहेर काढायला ब्रेकचे दोन हात मोकळे करावे लागतात. त्यासाठी वायरची एक वाकडी नळी खोबणीतून सोडवतात. चाक परत बसवल्यावर ती नळी पुन्हा अडकवायची राहून गेली होती. बस, एवढंच. दोन सेकंदांचं काम.

आता चूक कोणाची? दुकानातल्या माणसाची, हे खरं. पण मीही सायकल घेतली, पैसे दिले, घरी आलो आणि सकाळी ब्रेक एकदाही न दाबता निघालो. ती नळी लोंबकळत होती, डोळ्यांना दिसत होती. फक्त ती तिथे लोंबकळायला नको, हे मला माहीत नव्हतं.

त्या दिवसापासून मी सायकल शिकायला लागलो. आणि शिकताना स्वतःही काय काय माती खाल्ली, तेही येईलच पुढे.

सायकल उघडी आहे, फोन बंद आहे

आधी एक गंमत. तुमच्या हातात जो फोन आहे त्याची बॅटरी तुम्ही स्वतः बदलू शकता का? बहुतेकांची नाही. मागचं झाकण चिकटवलेलं असतं. आपल्याकडे केंद्र सरकारच्या ग्राहक व्यवहार विभागाने २०२२ मध्ये 'राइट टू रिपेअर', म्हणजे दुरुस्तीच्या हक्कासाठी समिती नेमली आणि त्याच वर्षी डिसेंबरमध्ये पोर्टल सुरू केलं. त्यात मोबाईल, घरगुती उपकरणं, गाड्या, शेतीची अवजारं या गोष्टी घेतल्या. कारण या वस्तू आपण विकत घेतो खऱ्या, पण उघडायच्या म्हटलं तर कंपनीच्या दारात जावं लागतं.

सायकलला असा हक्क कोणी मागायची गरजच पडली नाही. तिचं सगळं बाहेरच असतं. चेन दिसते, वायर दिसते, ब्रेकचं रबर दिसतं. काही बिघडलं तर बहुतेक वेळा आधी आवाज येतो आणि मग दिसतं.

आणि ही रचना फार जुनी आहे. दोन सारखी चाकं, मध्ये पेडल, चेनने मागचं चाक फिरतं, या प्रकारची 'रोव्हर' सायकल जॉन केम्प स्टार्ली यांनी इंग्लंडमधल्या कोव्हेंट्री शहरात १८८५ मध्ये आणली. हवा भरलेला टायर १८८८ चा, बेलफास्टमधले जनावरांचे डॉक्टर जॉन बॉइड डनलॉप यांनी मुलाच्या तीनचाकी सायकलसाठी बनवलेला. आज तुमच्या सोसायटीच्या जिन्याखाली धूळ खात पडलेली सायकल मुळात तीच आहे. एवढ्या वर्षांत गिअर आले, डिस्क ब्रेक आले, पण तत्त्व बदललं नाही. म्हणून ती शिकता येते.

मग प्रश्न येतो, शिकायचं तरी किती?

तीन ढीग करा

मी सायकलच्या सगळ्या कामांचे तीन ढीग केलेत. पहिला, प्रत्येकाला आलंच पाहिजे. दुसरा, हौस असेल तर शिका. तिसरा, हात लावू नका, दुकानात न्या.

*पहिला ढीग: हवा, ब्रेक, चेन*

निघायच्या आधी एक मिनिट. खरंच एक मिनिट. रीलवर जितका वेळ जातो त्याहून कमी.

हवा. टायरच्या बाजूला बारीक अक्षरांत पीएसआयचा आकडा कोरलेला असतो, किमान आणि कमाल. अंगठ्याने दाबून अंदाज येतो असं आपल्याला वाटतं, पण तो चुकतो. मीटरवाला पंप एकदाच घ्या, घरात ठेवा. रबरी ट्यूबमधून हवा हळूहळू झिरपतेच. सायकल नुसती उभी असली तरी आठ-पंधरा दिवसांत ती नरम होते. नरम टायर खड्ड्यात आपटला की ट्यूब रिम आणि खड्ड्याची कड यांच्यात चिमटते आणि शेजारी शेजारी दोन भोकं पडतात, साप चावल्यासारखी. एलबीएसवर मेट्रो ४ च्या कामामुळे रस्ता कसा झालाय ते तुम्हाला माहीत आहे. तिथे कमी हवेत सायकल घालणं म्हणजे पंक्चरला आमंत्रण.

आणि हो, पेट्रोल पंपावरच्या कॉम्प्रेसरने हवा भरत असाल तर सांभाळून. सायकलच्या ट्यूबमध्ये जागा कमी असते, दोन सेकंद जास्त धरलं तर फट्!

ब्रेक. दोन्ही लिव्हर एकेक करून दाबा आणि सायकल पुढे ढकला. चाक थांबलं पाहिजे. लिव्हर हँडलला टेकता कामा नये. ब्रेकचं रबर रिमवर बसलं पाहिजे, टायरवर नाही. रबरावर खाचा असतात. त्या दिसेनाशा झाल्या की रबर संपलं. आणि लिव्हरपाशी वायर जिथे आत शिरते तिथे बारकाईने बघा. एखादी तार सुटून केसासारखी बाहेर आली असेल तर वायर बदला. उद्या नाही, आजच. ती वायर अनेक बारीक तारांची वेणी असते. एक तुटली की उरलेल्यांवर भार वाढतो, मग दुसरी, तिसरी. आणि शेवटची तुटते ती नेमकी तुम्ही जोरात ब्रेक दाबल्यावर.

चेन. पेडल उलटं फिरवा, आवाज ऐका. करकर येत असेल तर तेल हवंय. काळा चिखल दिसत असेल तर आधी सफाई हवीय.

एवढं बघून चाकं घट्ट आहेत ना, क्विक रिलीजचा दांडा बंद आहे ना, तेवढं तपासा आणि निघा. हे मी त्या रविवारी केलं असतं तर आजचा भागच झाला नसता.

*दुसरा ढीग: पंक्चर, चेनची सफाई, ब्रेक जुळवणं*

पंक्चर काढायला पहिल्यांदा मला दीड तास लागला. आता वीस मिनिटं लागतात. दुकानात दहा मिनिटांत होतं. म्हणजे वेगात मी हरलोच. पण पहाटे सहाला हायवेवर कुठलंही दुकान उघडं नसतं, तिथे मीच जिंकतो.

पद्धत ऐका. चाक काढा. ब्रेक मोकळा केला असेल तर तो परत लावायचाय हे आत्ताच मोबाईलच्या रिमाइंडरमध्ये टाका, मी अजून टाकतो! टायरची एक कड दोन प्लास्टिकच्या पट्ट्यांनी बाहेर काढा. स्क्रू ड्रायव्हर वापरू नका, तो ट्यूबला नवं भोक पाडतो. ट्यूब काढून हवा भरा, बादलीत बुडवा, बुडबुडे कुठून येतात ते बघा.

आता महत्त्वाचं. भोक *कुठे* आहे ते बघा, कारण ते कारण सांगतं.

बाहेरच्या बाजूला, म्हणजे रस्त्याकडे एकच भोक: खिळा, काच, तार. ती वस्तू अजून टायरमध्ये रुतलेली असू शकते. आतून फडकं फिरवा, अडकेल. उघड्या बोटाने चाचपू नका, कापेल. हे न करता ट्यूब परत घातली तर पाच मिनिटांत पुन्हा तेच.

आतल्या बाजूला, म्हणजे रिमकडे भोक: स्पोकचं टोक टोचतंय. रिमवरची पट्टी सरकलीय किंवा फाटलीय. ती बदला.

जोडीची दोन भोकं: हवा कमी होती.

वॉलच्या मुळाशी चीर: तिथे पॅच टिकत नाही. नवी ट्यूब घ्या.

पॅच लावताना सगळे एकच चूक करतात. मीही केली. सोल्युशन लावलं की लगेच पॅच चिकटवायचा. नाही! आधी पॉलिश पेपरने जागा घासा, पॅचपेक्षा थोडी मोठी. सोल्युशनचा पातळ थर द्या. मग थांबा. ओला चकाकीपणा जाऊन ते कोरडं दिसलं पाहिजे. पावसाळ्यात जरा जास्त थांबा. त्यानंतर पॅच ठेवून जोरात दाबा. फेविकॉलसारखं ओल्यावर चिकटवायचं प्रकरण नाहीये हे.

परत बसवताना वॉलपासून सुरुवात करा, शेवटचा भाग तळहाताने आत ढकला. आणि ब्रेक लावा!

चेनची सफाई त्याहून सोपी. जुना टूथब्रश, जुना टी-शर्ट, चेन साफ करायचं डीग्रीझर किंवा थोडं रॉकेल. टायरवर आणि ब्रेकवर मात्र ते उडू देऊ नका. पुसा, वाळवा, मग प्रत्येक कडीच्या रोलरवर तेलाचा एकेक थेंब. पाच मिनिटं पेडल फिरवा आणि बाहेरचं तेल *पुसून टाका*. तेल आत हवं, बाहेर नको. बाहेरचं तेल धूळ पकडतं आणि तीच धूळ पॉलिश पेपरसारखी चेन झिजवते.

आईच्या डब्यातलं खोबरेल? नको. ते चिकट होतं आणि थंडीत गोठतं. निळ्या-पिवळ्या डब्यातला स्प्रे? तो गंज सोडवायला आणि पाणी हटवायला चांगला, पण चेनचं तेल म्हणून तो टिकत नाही.

चेन झिजली की नाही हे कळायला महागडं हत्यार लागत नाही. इंचाची टेप घ्या. चेनच्या एका पिनेच्या मध्यावर शून्य ठेवा. नव्या चेनमध्ये बरोबर १२ इंचावर पुन्हा पिनेचा मध्य येतो, कारण सायकलच्या चेनच्या दोन पिनांमधलं अंतर अर्धा इंच असतं. आता जर तो मध्य १२ इंचाच्या पुढे एक सोळांश इंच गेला असेल तर चेन बदला. एक अष्टमांश गेला असेल तर उशीर झाला. मागची दातेरी चकतीसुद्धा त्या चेनबरोबर झिजली असणार, दोन्ही बदलावं लागेल. टेपने दोन मिनिटं मोजलं असतं तर फक्त चेनचा खर्च आला असता.

*तिसरा ढीग: हात लावू नका*

रिमचा आउट काढणं, म्हणजे डगमगणारं चाक सरळ करणं. स्पोक एक घट्ट केला की समोरचा ओढला जातो, सगळा तोल असतो. शिकता येतं, पण आपल्या एकुलत्या एक चाकावर नको. मधल्या एक्सलचं काम, हबचे छर्रे, ऑइलवाले डिस्क ब्रेक, वाकलेला पुढचा चिमटा, फ्रेमला गेलेली चीर. ही सगळी कामं दुकानातच. यांना खास हत्यारं लागतात आणि चूक झाली तर सायकल नाही, दात जातात.

आता माझी माती

मघाशी म्हटलं होतं, मीही माती खाल्ली. यूट्यूबवर चार व्हिडिओ बघितले आणि वाटलं, झालो मेकॅनिक. नवी पेडलं आणली. घरी बसवायला घेतली. डावं पेडल काही केल्या आत जाईना. मी लांब पाना घेतला, जोर लावला. थोडं गेलं. अजून जोर लावला. गेलं!

दहा दिवसांनी भांडुप स्टेशनच्या बाहेर पेडल पायाखालून निसटलं. आटे पूर्ण साफ.

काय झालं होतं? डाव्या पेडलचे आटे उलटे असतात. जगातल्या जवळजवळ प्रत्येक सायकलला. चालवताना पेडल आपोआप सैल होऊ नये म्हणून. पेडलवर एल आणि आर लिहिलेलंही असतं. मी उजवं पेडल डाव्या बाजूला कोंबलं होतं. क्रँक ॲल्युमिनियमचा, म्हणजे मऊ. पेडलच्या लोखंडाने त्याचे आटे खाऊन टाकले. आख्खा क्रँक बदलावा लागला. दुकानात पेडल बसवून घ्यायला जे पैसे गेले असते त्याच्या कितीतरी पट माझे गेले.

म्हणून सांगतो, आटे पहिले दोन-तीन फेरे हाताने, बोटांनी फिरले पाहिजेत. फिरत नसतील तर थांबा. पाना हा घट्ट करण्यासाठी असतो, जबरदस्ती करण्यासाठी नाही.

नाहूरची हवा आणि पावसाळा

आपल्या भागाची एक वेगळी अडचण आहे. हायवेच्या पलीकडे कांजूर, भांडुप, मुलुंडच्या बाजूला मिठागरं आणि ठाण्याची खाडी. खाडीवरच्या दमट, खारट वाऱ्याने लोखंड लवकर गंजतं. त्यात मुंबईचा पाऊस. जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत सांताक्रूझच्या केंद्रावर सरासरी दोन हजार मिलिमीटरहून जास्त. म्हणून परदेशातल्या व्हिडिओत 'चेनला महिन्यातून एकदा तेल' सांगतात ते आपल्याकडे पावसाळ्यात चालत नाही. भिजून आलात की त्याच दिवशी चेन पुसा आणि तेल द्या. दुसऱ्या दिवशी नारिंगी झालेली चेन दिसेल, बघा.

पाणी साचलेल्या रस्त्यातून सायकल घातली आणि पाणी चाकाच्या मध्यापर्यंत, म्हणजे हबपर्यंत आलं, तर मात्र आत छर्ऱ्यांमध्ये पाणी जाऊ शकतं. ते बाहेरून दिसत नाही. चाक उचलून फिरवा. खरखर जाणवली तर ग्रीसिंगला न्या. आणि गणपतीनंतर एकदा सीटचा दांडा काढून सायकल उलटी करा. फ्रेममध्ये साचलेलं पाणी बाहेर येतं. पहिल्यांदा केलं तेव्हा माझ्या सायकलमधून अर्धा कप निघालं.

पाण्याच्या जोरदार फवाऱ्याने सायकल धुणाऱ्यांना हात जोडून विनंती: नका करू. मोटारसायकलसारखी ती सीलबंद नसते. बादली, मग, फडकं. पुरेसं आहे.

काकांचं काय?

आता सगळ्यात महत्त्वाचा भाग. कारण 'सगळं घरी करा' असं सांगून मी हा भाग संपवला असता तर एक गोष्ट लपवली असती.

आमच्या गल्लीच्या तोंडाशी एक सायकलवाले काका बसतात. दुकान म्हणजे काय, एक पत्रा, एक लाकडी पेटी, पाण्याची लोखंडी परात आणि झाडाला टांगलेले जुने टायर. क्रँकचं प्रकरण झाल्यावर मी त्यांच्याकडेच गेलो. त्यांनी सायकल बघितली, माझ्याकडे बघितलं आणि म्हणाले, "उलटे आटे असतात रे बाळा. विचारायचं तरी."

मी म्हटलं, "काका, आता मी पंक्चर घरीच काढतो. राग नाही ना आला?"

ते हसले. "पंक्चरने माझं घर चालतंय असं वाटतं तुला? पंक्चर तू काढ. पण वर्षातून एकदा पूर्ण खोलून ग्रीसिंग माझ्याकडे आण. ते तुला जमायचं नाही."

मग त्यांनी जे सांगितलं ते माझ्या डोक्यात राहिलं. पूर्वी त्यांच्याकडे दूधवाले, पेपरवाले, डबेवाले यायचे. काळ्या उंच सायकली. कुठल्याही कंपनीची असो, रिम एकाच मापाची, छर्रे ठरलेले, कॉटर पिन ठरलेली. पेटीत दहा सुटे भाग ठेवले की शंभर सायकली रस्त्यावर. मुंबईच्या डबेवाल्यांचं काम अजूनही सायकलवर आणि लोकलवर चालतं. डबा वेळेत पोचायचा तर सायकल कोणीतरी पाच मिनिटांत दुरुस्त करणारं हवंच.

आता आपल्यासारखे गिअरवाल्या सायकली घेऊन येतात. प्रत्येकीचं माप वेगळं, हत्यार वेगळं. काकांकडे ते नाही. मोठ्या दुकानात आहे, पण ते लांब आहे, महाग आहे आणि चार दिवस सायकल ठेवून घेतात. परिणाम काय? काकांकडची गर्दी कमी. त्यांच्या मुलाने हे काम घेतलं नाही, तो डिलिव्हरीचं काम करतो. कशावर? स्कूटरवर.

"मी उठलो की हे झाड मोकळं," काका म्हणाले. तक्रार म्हणून नाही, सहज.

म्हणजे बघा. आपण काहीच शिकलो नाही तर दुकानातल्या माणसाने नळी लावली की नाही हेही आपल्याला कळत नाही. आणि आपण सगळं घरीच करायचं ठरवलं तर ज्या दिवशी आउट काढायला खरंच माणूस लागेल, त्या दिवशी तो तिथे नसेल. मग दहा किलोमीटरवरच्या चकाचक दुकानात टेम्पोने सायकल न्या.

माझा तोडगा

मी आता असं करतो. पहिला आणि दुसरा ढीग घरी. पावसाळ्याआधी एकदा आणि दिवाळीच्या आसपास एकदा सायकल काकांकडे. साधे हब, स्पोक, ग्रीसिंग ते उत्तम करतात. माझ्या सायकलला लागणारं फ्रीव्हील खोलायचं हत्यार मीच विकत घेतलं आणि त्यांच्या पेटीत ठेवलंय. आता तशीच सायकल घेऊन येणाऱ्या दुसऱ्या मुलांचंही काम होतं. ते पैसे ते घेतात, मी नाही. मला फक्त शेजारी स्टुलावर बसून बघायला मिळतं. यूट्यूबवर जे चार व्हिडिओत कळलं नाही ते त्यांच्या हाताकडे एकदा बघून कळलं.

जगात लोकांनी यासाठी वेगवेगळे मार्ग काढलेत. ॲमस्टरडॅममध्ये २००९ मध्ये 'रिपेअर कॅफे' सुरू झाला. तिथे लोक बिघडलेल्या वस्तू घेऊन येतात आणि जाणकारांच्या शेजारी बसून दुरुस्त करतात. लॉस एंजेलिसमध्ये 'बायसिकल किचन' आहे, हत्यारं त्यांची, हात तुमचे. आपल्याकडे त्यासाठी इमारत लागत नाही. सोसायटीत सात-आठ सायकली असतील तर एक पंप, एक ॲलन कीचा सेट, एक पंधरा नंबरचा पाना वर्गणीतून घ्या आणि वॉचमन काकांच्या केबिनमध्ये ठेवा. महिन्यातून एका रविवारी एखाद्या सायकलवाल्या काकांना बोलवा, त्यांना त्यांच्या वेळेचे पैसे द्या, चहा द्या आणि सगळ्यांनी शिका. फुकट बोलवू नका. 'काका, जरा दाखवा ना' म्हणून दोन तास घ्यायचे आणि नुसतं थँक्यू म्हणायचं, हे बरोबर नाही.

सुरुवात करायची तर

एकदम सगळं घेऊ नका. या क्रमाने घ्या:

१. मीटरवाला पंप.
२. पंक्चर किट आणि टायर काढायच्या दोन पट्ट्या.
३. ॲलन कीचा सेट. चार, पाच, सहा एमएम सगळ्यात जास्त लागतात.
४. चेनचं तेल. जुना टूथब्रश आणि टी-शर्ट घरात आहेतच.
५. एक जास्तीची ट्यूब, आपल्या टायरच्या मापाची. माप टायरवरच लिहिलेलं असतं, फोटो काढून ठेवा.

आणि दुकानातून सायकल परत घेताना, कितीही ओळखीचं दुकान असो, तिथेच तीन गोष्टी करा. दोन्ही ब्रेक दाबा. दोन्ही चाकं उचलून फिरवा. हँडल धरून पुढचं चाक गुडघ्यांत पकडा आणि हलवून बघा, हँडल एकटंच फिरतंय का. कोणी चिडत नाही. काकांना तर आवडतं. मी पहिल्यांदा त्यांच्यासमोर ब्रेक दाबून बघितला तेव्हा ते म्हणाले, "आत्ता आलास लाईनीवर."

तर मंडळी, या आठवड्याचा गृहपाठ. आज घरी गेल्यावर खाली उतरा, सायकलवरची धूळ झटका आणि फक्त दोन्ही ब्रेक दाबून बघा. वायरचं टोक तपासा. बस. त्यात काही सापडलं तर मला व्हॉइस नोट पाठवा, पुढच्या भागात घेऊ. आणि तुमच्या गल्लीत सायकलवाले काका असतील तर त्यांना एकदा विचारा, कुठलं हत्यार नसल्यामुळे त्यांचं काम अडतं. उत्तर ऐकण्यासारखं असेल.

पुढच्या भागात भेटू. तोवर हवा बघा, ब्रेक बघा, आणि पुलावरून उतरताना जरा दमानं!